आवणीच्या दिवसांतले कुलूप

२०२३ च्या जुलै महिन्यातील दुसऱ्या आठवड्यात, एकाच दिवशी, मी शहापूर तालुक्यातील दोन उद्योगांची पडताळणी केली. नाशिक महामार्गालगतच्या एका गाळ्यापुढे मी ‘चालू’ अशी नोंद केली आणि डोळखांबच्या पुढच्या एका गावातील शिलाई युनिटपुढे ‘बंद’ अशी. आमच्या संस्थेच्या नियमांनुसार दोन्ही नोंदी बिनचूक होत्या. तरीही त्या संध्याकाळी आसनगावहून ठाण्याला परतताना लोकलमध्ये माझे मन थाऱ्यावर नव्हते, आणि त्यानंतर सव्वा वर्षात त्या दिवसाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उभ्या राहिलेल्या लहान उद्योगांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करणे, हे माझे काम. दोन जुन्या योजना एकत्र करून २००८ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला आणि खादी व ग्रामोद्योग आयोग ही त्याची मध्यवर्ती यंत्रणा आहे. बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते ती गोष्ट अशी की, यातील अनुदान उद्योजकाच्या हातात कधी पडतच नाही. समजा प्रकल्प ८ लाखांचा आहे आणि अर्जदार ग्रामीण भागातील महिला आहे. तिने स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४० हजार रुपये घालायचे. उरलेले ७ लाख ६० हजार बँक कर्जाऊ देते. मग ३५ टक्के अनुदान, म्हणजे २ लाख ८० हजार रुपये बँकेकडे येतात आणि तीन वर्षे मुदत ठेवीत अडकून राहतात. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या रकमेच्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी उद्योग खरोखर चालू आहे का, हे कोणीतरी जाऊन पाहायचे. चालू असेल तर ठेव कर्जखात्यात वळती होते, नसेल तर पैसे परत जातात. हे पाहायला जाणारा माणूस म्हणजे मी. मी ज्या खासगी संस्थेसाठी काम करतो ती प्रत्येक पडताळणीमागे ठरावीक मानधन देते, आणि अर्धवट राहिलेल्या भेटीचे काहीच देत नाही.

हे काम मी नऊ वर्षे करीत आहे. एखादे युनिट जिवंत आहे की नाही हे उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्यावर थोड्या वेळात मला कळते, असे मी जबाबदारीने म्हणू शकतो. शिलाईचे युनिट असेल तर मी यंत्रांकडे आधी पाहतच नाही, यंत्रांखाली पाहतो. रोज चालणाऱ्या यंत्राच्या पेडलखाली धाग्यांचे तुकडे आणि कापडाची कातरणे यांचा असा थर असतो की तो झाडूने पूर्ण निघत नाही. फरशीच्या सांध्यात बसलेला असतो. बॉबिनच्या डबीत एकाच रंगाचे दहा-बारा बॉबिन भरलेले असले तर माल ऑर्डरीचा आहे. सात रंगांचे सात असले तर शेजारणींचे ब्लाऊज शिवले जात आहेत. सुईवर गंज आहे का, तेलाच्या बाटलीचे तोंड चिकट आहे की धुळीने कोरडे पडले आहे, कात्रीची मूठ घासून गुळगुळीत झाली आहे का, चहाचे पेले किती आणि कुठे पालथे घातले आहेत, भिंतीवर खिळ्याला अडकवलेली पावत्यांची तार किती भरली आहे, हे सारे मी पाहतो. सर्वांत बोलके असते ते विजेचे बिल. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा छोटा आलेख छापलेला असतो. मालक काय सांगतो आणि फाइलमध्ये काय लिहिले आहे हे बाजूला ठेवून मी तो आलेख वाचतो, कारण बारा महिन्यांची वीज पडताळणीच्या आदल्या आठवड्यात बसून जाळता येत नाही.

दुःख याचे की, आमच्या मोबाइलमधील तक्त्यात यांतील एकाही गोष्टीला जागा नाही. त्यात दोनच चौकटी आहेत, ‘चालू’ आणि ‘बंद’. ‘चालू’ निवडायचे असेल तर मालक, फलक आणि यंत्रे एका चौकटीत येतील असे छायाचित्र आणि यंत्र चालत असल्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ जागेवरूनच जोडावा लागतो. खाली ‘शेरा’ असा एक रकाना आहे. तो कोणी वाचत नाही, हे मला त्या वर्षी कळले.

सकाळचा पहिला उद्योग द्रोण-पत्रावळींचा. महामार्गाच्या कडेला भाड्याचा गाळा, दोन स्वयंचलित यंत्रे, तिशीच्या आतला मालक. मी पोहोचलो तेव्हा दोन्ही यंत्रे खडखडत होती, दोन मुले पाट्यांवरून द्रोण उचलून शंभराच्या गड्ड्या बांधत होती आणि दारात नवा फलक लावलेला होता. छायाचित्र आले, व्हिडिओ आला, दहा मिनिटांत काम संपले. मग मी सवयीने विजेचे बिल मागितले. त्याने थोडा वेळ घेऊन ते दिले. वर्षभर आलेखाच्या काड्या जमिनीलगत होत्या आणि शेवटची एकच काडी एकाएकी उंच झालेली होती. यंत्राच्या साच्याच्या खोबणीत जुन्या कागदाचा पिवळा भुगा होता आणि त्यावर कालपरवाचा पांढरा. गड्ड्या बांधणाऱ्या मुलाला रबर कुठे ठेवलेत हे मालकाला विचारावे लागत होते.

मी त्याला सरळ विचारले. त्याने खोटे सांगितले नाही. २०२० मध्ये त्याने चांदीसारख्या चकचकीत कागदाचे द्रोण काढायला सुरुवात केली होती आणि पहिली दीड-दोन वर्षे माल हातोहात जात होता. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली तेव्हा आपले दिवस आले असे त्याला वाटले. पण तसेच इतरांनाही वाटले, आजूबाजूला यंत्रे आली, भाव पडला, आणि त्याच महिन्यात राज्याने प्लास्टिकचा थर असलेल्या कागदी द्रोण-ताटल्यांवरही बंदी घातली. त्याचा मुख्य माल तोच होता. साध्या कागदाच्या मालावर तो कामगाराला दिवसाला ३०० रुपयांपेक्षा जास्त देऊ शकत नव्हता, आणि भिवंडीच्या गोदामांची गाडी पहाटे त्याच्याच गाळ्यासमोर थांबून त्याच्याच गावची मुले ४८० रुपये रोजावर घेऊन जात होती. “साहेब, मी मालक आहे म्हणून जात नाही, नाहीतर मीही त्या गाडीत बसलो असतो,” असे तो म्हणाला. गाळा तो केवळ मुदत ठेवीसाठी धरून होता, कारण ठेव परत गेली असती तर त्याच्या डोक्यावर सव्वादोन लाखांचे कर्ज जास्तीचे उभे राहिले असते. मी त्याला लबाड म्हणणार नाही. तीन वर्षे टिकलास तरच पैसे, अशी अट असेल तर दुसऱ्या वर्षी मेलेला धंदाही तीन वर्षे उभा ठेवला जाणार. माझ्या वहीत असे कितीतरी गाळे आहेत, ज्यांचे शटर ठेव वळती झाल्यानंतरच्या दोन-चार महिन्यांत कायमचे खाली आले.

तक्त्यात मी ‘चालू’ निवडले. यंत्रे त्या क्षणी चालूच होती.

डोळखांबच्या बाजूला जाणारी जीप भरायला तासभर लागला. तिथून पुढे मोटारसायकलवर मागे बसून, पावसात, शिलाई युनिटच्या गावी पोहोचेपर्यंत दुपारचा एक वाजला होता. युनिट मालकिणीच्या घराला लागून काढलेल्या पत्र्याच्या पडवीत होते. दाराला कुलूप. फलक मात्र पुसून स्वच्छ केलेला होता. ओट्यावर तिच्या सासूबाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मी विचारले तेव्हा त्यांनी हाताने डोंगराच्या बाजूला दाखवले आणि म्हणाल्या, “बाबा, आवनीला गेल्यात सगळ्या. आता या दिसांत घरात कोन बसतंय?” आवणी म्हणजे भाताच्या रोपांची खाचरात लावणी.

पूर्वसूचनेचा संदेश तिच्या मोबाइलवर गेलेला होता, पण त्या खोऱ्यात पावसाळ्यात रेंज असते तेव्हा असते. मी बांधावरून चालत निघालो. खाचरात पंधरा-वीस बाया ओळीने वाकलेल्या होत्या, पाठीवर प्लास्टिकच्या कागदाची इरली, आणि राबातून, म्हणजे रोपे वाढवलेल्या वाफ्यातून, उपटून आणलेल्या रोपांच्या मुठी चिखलात मागे पसरलेल्या. मालकीण कोणती हे ओळखू येत नव्हते. नाव घेऊन हाक मारल्यावर एक बाई सरळ उभी राहिली, आणि मी कोण हे कळताच हातातली मूठ तशीच टाकून, गुडघाभर चिखलातून, जवळजवळ धावत बांधावर आली. वाटेत तिने दोनदा विचारले, “साहेब, बंद तर नाही ना लिहिलं?”

तिने चिखलाच्या हातांनीच कुलूप काढले. आत वीज नव्हती. पावसाने सकाळपासून गेलेली होती. मी मोबाइलच्या उजेडात खाली वाकून पाहिले. फरशीच्या सांध्यांत धाग्यांचा थर होता. दहा यंत्रांवर जुन्या चादरी घातलेल्या होत्या आणि सुयांना तेलाचा बोट फिरवलेला होता, म्हणजे ज्याला महिन्याभराने पुन्हा यंत्र चालवायचे आहे तो माणूस ठेवतो तशी ती ठेवलेली होती. कोपऱ्यात कापलेल्या परकरांचे गठ्ठे गोणपाटावर, ओल लागू नये म्हणून विटांवर उचलून ठेवलेले. बॉबिनच्या डबीत दोनच रंग. पावत्यांच्या दोन तारा भरून तिसरी चालू झालेली. आणि विजेचे बिल: आलेखाच्या काड्या वर्षभर छातीएवढ्या उंच, फक्त गेल्या जुलैची गुडघ्याइतकी आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या थोड्या खाली. इतका प्रामाणिक आलेख मी क्वचित पाहिला आहे.

त्या अंधारात, वीज येण्याची वाट पाहत, तिने मला तिच्या तीन वर्षांचा हिशेब सांगितला. मी तो वहीत उतरवून घेतला, कारण ग्रामीण मजुरीच्या बाजाराविषयी इतके नेमके मला कोणी सांगितले नव्हते.

यंत्रे २०२० च्या फेब्रुवारीत आली आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. ते वर्ष तिने मास्क आणि कापडी पिशव्या शिवून काढले. २०२१ मध्ये उल्हासनगरच्या व्यापाऱ्याचे परकरांचे काम मिळाले; नगामागे ८ रुपये बाईला. हात बसलेली बाई दिवसाला तीस नग काढते, म्हणजे २४० रुपये. रोजगार हमीच्या कामावर माझ्या भेटीच्या साली, म्हणजे २०२३-२४ मध्ये, महाराष्ट्रात २७३ रुपये मजुरी होती. पण तिच्याकडच्या बाया घराजवळ, सावलीत, पोरांकडे लक्ष ठेवून काम होते म्हणून २४० वर खूश होत्या. आवणीचा रोज मात्र त्या खोऱ्यात ४५० रुपये आणि दुपारचे जेवण. २०२१ च्या जुलैत तिने युनिट चालू ठेवण्याचा हट्ट केला आणि नगामागे २ रुपये वाढवून दिले. अकरापैकी चार जणी आल्या, माल उशिरा गेला, व्यापाऱ्याने पैसे कापले. त्याहून मोठे नुकसान तिच्या शेतात झाले. तिथे आवणी सावडीवर चालते: मी तुझ्या खाचरात तीन दिवस वाकले, तर तू माझ्यात तीन दिवस वाकायचे. ती कोणाकडे गेली नव्हती, म्हणून तिच्याकडे कोणी आले नाही. तिची रोपे राबातच पिवळी पडली आणि वर्षाचा भात अर्ध्यावर आला.

मजुरीचा दर वाढवला की माणूस येतो, असे आपण गृहीत धरतो. आवणीच्या तीन आठवड्यांत त्या बाईला ४५० रुपयांबरोबरच पुढच्या वर्षीचा हात मिळत असतो, आणि तो हात नगामागे २ रुपये देऊन विकत घेता येत नाही. हे तिला एका हंगामात समजले. पुढच्या वर्षीपासून तिने व्यापाऱ्याला मे महिन्यातच सांगून टाकले की जुलैमध्ये एकवीस दिवस कुलूप राहील. गौरी-गणपतीच्या गिऱ्हाइकीचा माल त्याआधी आणि त्यानंतर भरून देईन. व्यापाऱ्याने ते मान्य केले.

नोव्हेंबर-डिसेंबरची गोष्ट याहून अवघड होती. पहिल्या वर्षी तिच्या अकरा जणींपैकी तिघी जवळच्या कातकरी वाडीतल्या होत्या. भाद्रपदात घरातले धान्य संपते आणि नवा भात अजून उभा असतो; नेमक्या त्या दिवसांत वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देऊन जातो. ती उचल फेडायला दिवाळीनंतर घरेच्या घरे भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. उचल देऊन माणूस कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, पण भुकेच्या महिन्यात उंबऱ्यावर रोख पैसे घेऊन येणारा दुसरा कोणी नसतो. तिघींपैकी एकीचा हात फार चांगला होता. तिला भट्टीवर जावे लागू नये म्हणून मालकिणीने दुसऱ्या वर्षी मुकादमाच्या आधी वाडीवर जाऊन स्वतःच्या पदरचे ८ हजार रुपये दिले. तरी ती गेली. भट्टीवर काम हजार विटांच्या हिशेबाने चालते आणि मुकादम उचल एका माणसाला देत नाही, जोडीला देतो. नवऱ्याने उचल घेतली की बायको त्यात आलीच. “तो जोडी नेतो आणि मी एकटी बाई मागते, ते कसं जमायचं?” असे तिने मला विचारले. जूनमध्ये परत आल्यावर त्या बाईने ८ हजारांपैकी ५ हजार शिवून फेडले आणि उरलेले फेडते आहे, हेही तिने आवर्जून सांगितले. त्यानंतर तिने नव्याने बाया घेताना ज्यांचा नवरा एसटीत, शाळेत किंवा गोदामात कामाला आहे त्यांनाच घ्यायचे ठरवले. यामुळे वाडीतल्या बायांना तिच्याकडे जागा उरली नाही, आणि ते सांगताना ती खाली पाहत होती.

माझ्या फाइलमध्ये तिचा प्रकल्प अहवाल होता. शहापूरच्या कुठल्या तरी दुकानातून तयार करून घेतलेला, जसे सगळ्यांचे असतात. त्यात वर्षाला ३०० कामाचे दिवस धरले होते आणि ‘अकुशल व अर्धकुशल कामगार परिसरात मुबलक उपलब्ध’ हे वाक्य होते. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक अहवालात हे वाक्य असते. कोळंबीच्या खाद्याच्या प्रकल्पातही आणि पेव्हर ब्लॉकच्याही. आर्थर लुईस या अर्थशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अमर्याद श्रमपुरवठ्याची मांडणी केली आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ते शिकून मीही पदवीची परीक्षा उत्तीर्ण झालो. शेतीत माणसे गरजेपेक्षा जास्त आहेत, ती जगण्यापुरत्या मजुरीवर कारखान्यात येतील, हे त्यातले सूत्र. वर्षाची सरासरी काढली तर डोळखांबच्या खोऱ्यातही माणसे जास्त दिसतील. पण जुलैच्या त्या तीन आठवड्यांत एकही हात जास्तीचा नसतो, आणि दिवाळीनंतर जे हात रिकामे होतात ते भाद्रपदातच विकले गेलेले असतात. बँकांत आणि कार्यालयांत ‘गावात कामाला माणसे मिळत नाहीत, लोक आळशी झाले’ असे बोलणारे मला दर आठवड्याला भेटतात. त्यांनी आवणीच्या ओळीत एक तास वाकून पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वीज चार वाजेपर्यंत आली नाही. यंत्रे पायाने चालणारी असती तर तिने बसून दहा सेकंद चालवले असते. ती सगळी मोटारीची होती. मी बांधापर्यंत परत जाऊन जिथे रेंज मिळते तिथून आमच्या वरिष्ठांना फोन लावला आणि सगळी परिस्थिती सांगितली. ते म्हणाले, “व्हिडिओ नसेल तर ‘चालू’ स्वीकारलेच जाणार नाही. ‘बंद’ टाका, शेऱ्यात लिहा आणि पुढे या.” मी भेट अपूर्ण ठेवून दुसऱ्या दिवशी परत येऊ शकलो असतो. तसे केले असते तर त्या भेटीचे मानधन बुडाले असते, जाण्यायेण्याचा खर्च पुन्हा माझ्या खिशातून गेला असता, आणि दुसऱ्या दिवसाच्या मुरबाडच्या तीन भेटी राहिल्या असत्या. ही कारणे मी तेव्हा स्वतःला दिली आणि ती खरी आहेत. मी ‘बंद’ निवडले. शेऱ्यात लिहिले: ‘आवणीमुळे तात्पुरते बंद, यंत्रे, कच्चा माल, पावत्या व वीजवापर समाधानकारक, भाद्रपदानंतर पुन्हा भेट द्यावी.’ तिला मी काय निवडले ते सांगितले नाही. शेऱ्यात सगळे लिहिले आहे, एवढेच म्हणालो. तिने घरातून पिशवीभर तांदूळ आणून दिले, ते मी घेतले नाहीत, आणि ती पुन्हा खाचराकडे गेली.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. उद्योग बंद आढळल्याने ठेवीतील रक्कम परत पाठविण्याची कार्यवाही का करू नये, असे बँकेचे पत्र तिला आले होते. आमच्या कार्यालयात चौकशी केल्यावर कळले की बँकेकडे जाणाऱ्या यादीत फक्त नाव, क्रमांक आणि ‘बंद’ एवढेच जाते. शेरा आमच्याच संगणकावर राहतो.

त्या दिवसांत मी उद्योगांचे आयुष्य इतरत्र कसे मोजतात ते शोधून वाचले. अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी विभागाच्या नोंदींनुसार तिथल्या नव्या आस्थापनांपैकी साधारण निम्म्याच पाच वर्षांनी उरतात, हे मला आधी माहीत होते. ते मोजताना काय काळजी घेतात ते माहीत नव्हते. तिथे एखादी आस्थापना ‘बंद होणे’ आणि ती ‘मरणे’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. सलग चार तिमाह्या तिथे एकही कामगार नसेल तेव्हाच ती मेली असे धरतात, कारण हंगामापुरते बंद होणारे पुष्कळ असतात. आपल्याकडेही हे कळत नाही असे नाही. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत उद्योगाची बारमाही, हंगामी की प्रासंगिक अशी नोंद घेतली होती, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीने असंघटित उद्योग मोजताना वर्षात तीस दिवस चाललेल्या आणि हंगामी असल्यास पंधरा दिवस चाललेल्या उद्योगालाही धरले आहे. ज्या देशाचे गणनाकार इतके जाणून आहेत, त्या देशात आमच्या संस्थेने तक्ता बनवताना दोनच चौकटी का ठेवल्या, हे मी तीनदा लेखी विचारले. दोन चौकटींमुळे अहवाल लवकर तयार होतो, असे मला तोंडी उत्तर मिळाले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मी माझ्या खर्चाने तिच्याकडे गेलो. नऊ यंत्रे चालू होती, एक दुरुस्तीला काढलेले होते. मी दहा सेकंदांऐवजी चार मिनिटांचा व्हिडिओ घेतला. त्याच फेरीत महामार्गावर उतरलो तेव्हा द्रोणांच्या गाळ्याच्या शटरवर ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती. त्याची ठेव ऑक्टोबरातच कर्जखात्यात वळती झाल्याचे बँकेतून समजले होते. तो आता त्या पहाटेच्या गाडीने भिवंडीला जातो आणि तिथे त्याला सुपरवायझरचे काम मिळाले आहे. त्याचे वाईट व्हावे असे मला कधीच वाटले नाही.

तिच्यासाठी मी फेरपडताळणीचा अर्ज लिहून दिला, सोबत माझे सहीचे निवेदन जोडले आणि त्यात चूक माझ्या नोंदीची आहे असे स्पष्ट लिहिले. आमच्या वरिष्ठांना ते आवडले नाही. दरम्यान बँकेचे शाखाधिकारी बदलले, नव्यांनी फाइल पुन्हा पहिल्यापासून पाहायला घेतली, आणि हे लिहीत असताना, म्हणजे २०२४ च्या ऑक्टोबरात, ठेव वळतीही झालेली नाही आणि परतही गेलेली नाही. कर्जाचा एकही हप्ता तिने चुकवलेला नाही.

गेल्या जुलैत मी आवणीच्या दिवसांतच तिच्याकडे मुद्दाम गेलो. दाराला कुलूप होते आणि कुलपाशेजारी दोरीने एक वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून टांगली होती. प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी तिच्या बाया कोणाच्या खाचरात आहेत ते तिने लिहिले होते, आणि खाली युनिट पुन्हा कोणत्या तारखेला उघडणार तेही. त्या पानांच्या झेरॉक्स काढून मी अर्जाला जोडल्या आहेत.